वाचकांचे प्रश्न : तोफ मोठी की जहाज मोठे?

आवडती युद्धनौका कोणती आणि का, असे आम्ही वाचकांना विचारले होते. उत्तरे आली त्याहून जास्त प्रश्न आले. बहुतेक पत्रांचा रोख एकच होता: कुणाची तोफ किती मोठी? तोफेचा आकार सांगणे सोपे आहे. ती भरायची कशी, तिची दारू ठेवायची कुठे आणि तिचे वजन जहाजाने पेलायचे कसे, हे सांगायला जागा लागते. ती जागा आज घेतली आहे.

प्रश्न : तुमची स्वतःची आवडती युद्धनौका कोणती? जपानची ‘यामातो’ की जर्मनीची ‘बिस्मार्क’?

दोन्ही नाहीत. आमचे मत ब्रिटनच्या ‘वॉरस्पाइट’ला. १९१५ साली आरमारात दाखल झालेली ही नौका दोन्ही महायुद्धे लढली. चार टरेट, म्हणजे चिलखती फिरते बुरूज, आणि प्रत्येकात १५ इंची दोन तोफा. गोळा पावणेनऊशे किलोच्या आसपास.

१९१६ च्या जटलंडच्या लढाईत तिचे सुकाणू अडकले आणि ती जर्मन आरमारासमोर गोल गोल फिरत राहिली. डझनाहून जास्त जड गोळे खाऊनही ती घरी परतली. १९३४ ते १९३७ दरम्यान तिची इंजिने आणि बॉयलर बदलले, पण तोफा त्याच ठेवल्या. फक्त नळ्या २० अंशांऐवजी ३० अंशांपर्यंत उचलता येतील अशी सोय केली. तेवढ्याने पल्ला कितीतरी वाढला. ९ जुलै १९४० रोजी तिने इटलीच्या ‘जुलिओ चेझारे’वर सुमारे २४ किलोमीटरवरून गोळा बसवला. एवढे अंतर कापायला गोळ्याला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागतो आणि २५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६ किलोमीटर वेगाने जाणारे जहाज तेवढ्यात जवळपास चारशे मीटर पुढे सरकते. म्हणजे नेम जहाजावर धरायचाच नाही, ते जिथे असेल त्या पाण्यावर धरायचा.

सप्टेंबर १९४३ मध्ये सालेर्नोजवळ ‘फ्रिट्झ एक्स’ हा रेडिओने वळवता येणारा जर्मन बॉम्ब तिच्यात घुसला आणि तळापर्यंत गेला. पुढच्या वर्षी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ती आठांपैकी सहाच तोफा घेऊन मारा करत होती, कारण एक टरेट दुरुस्तच झाला नव्हता. ‘यामातो’चा दबदबा आम्हाला मान्य आहे, पण एवढी कामे तिच्या नावावर नाहीत.

प्रश्न : शिडाच्या जहाजांवर तोफा भराभर कशा डागत? ब्रिटनच्या ‘व्हिक्टरी’वर शंभरावर तोफा होत्या म्हणतात. एवढी माणसे कुठून आणत?

१८०५ मध्ये ट्रफाल्गरच्या लढाईत ‘व्हिक्टरी’वर १०४ तोफा होत्या. सर्वांत खालच्या डेकवर ३२ पौंडी ३०, मधल्यावर २४ पौंडी २८, वरच्यावर १२ पौंडी ३०. उरलेल्या उघड्या डेकवर, त्यात ६८ पौंडी दोन कॅरोनेड (या तोफेबद्दल पुढे). पौंड हे गोळ्याचे वजन, तोफेचे नव्हे. ३२ पौंडी तोफ स्वतः पावणेतीन टनांच्या घरात जाते. जड तोफा खाली आणि हलक्या वर, हा क्रम जहाज उलटू नये म्हणून. त्याची किंमतही होती: समुद्र खवळला की खालच्या डेकची झडपे बंद ठेवावी लागत आणि सर्वांत जड तोफा नेमक्या तेव्हाच मुक्या होत.

माणसांचे गणित असे. एका ३२ पौंडी तोफेला चौदाएक जण आणि दारू आणणारा एक पोरगा. पण दोन्ही बाजूंनी एकदम लढायची वेळ क्वचित येई, त्यामुळे समोरासमोरच्या दोन तोफांना मिळून एकच टोळी असे.

आता भरण्याची रीत. बार झाला की तोफ गाड्यासकट मागे झेपावते. मागचा जाड दोर तिला थोपवतो आणि नळीचे तोंड डेकच्या आत येते. भरायला हीच जागा लागते. एक जण तोफेच्या कानावर, म्हणजे ठिणगी आत जायच्या भोकावर, अंगठा दाबून धरतो. दुसरा वळणदार टोकाचा गज फिरवून नळीतला जळका चोथा ओढून काढतो आणि ओला बोळा आतपर्यंत फिरवतो. मग फ्लॅनेलच्या पिशवीतली दारू, तिच्यामागे बोळा, गोळा आणि पुन्हा बोळा. जहाज डोलताना गोळा घरंगळून बाहेर येऊ नये म्हणून हा शेवटचा बोळा. हे सगळे गजाने ठासले की बाजूचे दोर ओढून तोफ झडपेबाहेर काढायची. कानातून सळई घालून पिशवीला भोक पाडायचे, रंजक भरायचे आणि चापाची दोरी ओढायची. चांगली टोळी हे दीड मिनिटात उरकत असे.

चुकायचे कुठे? ओला बोळा फिरवायची घाई केली आणि आत एक निखारा राहिला, तर पुढची पिशवी ठासताठासताच पेट घेते आणि गज धरणाऱ्याचे हात जातात. कानावरचा अंगठा ढिला पडला तर वारा आत जाऊन तोच निखारा फुलतो. मागचा दोर कुजका निघाला तर पावणेतीन टनांचे धूड डेकवर मोकळे सुटते. दारू एकदम वर आणून ठेवायची नाही, हा पक्का नियम होता. पोरगा झाकणाच्या डब्यातून एका वेळी एकच पिशवी आणे आणि कोठाराच्या वाटेवर ओले लोकरी पडदे टांगलेले असत.

कॅरोनेड ही आखूड, हलकी, पण मोठ्या तोंडाची तोफ. पल्ला तोकडा, जवळून मात्र भयंकर. फ्रेंच सेनापती व्हिलनव्हच्या ‘ब्युसाँतोर’च्या मागून जाताना ‘व्हिक्टरी’ने डाव्या कॅरोनेडमधून एक गोळा आणि त्याबरोबर बंदुकीच्या ५०० गोळ्यांचे पिंप तिच्या मागच्या खिडक्यांतून आत सोडले. शिडाच्या जहाजाची मागची बाजू सर्वांत कच्ची असते. तिथून शिरलेला गोळा अडायला भिंतच नसते, तो डेकच्या लांबीभर जातो.

प्रश्न : स्वीडनची ‘वासा’ तोफांच्या वजनाने बुडाली ना?

सगळे तसेच सांगतात, पण वजने मांडून पाहा. १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीवर, १,३०० मीटर जाऊन ती स्टॉकहोमच्या बंदरात बुडाली. तोफा ६४. त्यांचे एकूण वजन ६० ते ७० टन. जहाज सुमारे १,२०० टनांचे. म्हणजे तोफा पाच-सहा टक्केच भरतात. खरा दोष पाण्यावरच्या भागाच्या बांधणीत होता: डेक उंच, तुळया नको तितक्या जाड, आणि त्या मानाने खालचा भाग अरुंद. तळाशी १२० टन दगड होते. आणखी टाकावेत तर जहाज खाली बसणार आणि तोफांची खालची झडपे पाण्याला टेकणार. म्हणजे इलाज उरलाच नव्हता.

निघण्यापूर्वी तीस माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवून पाहिले होते. तिसऱ्या फेरीतच जहाज एवढे झुकले की चाचणी थांबवली. राजा गुस्ताव्ह अडॉल्फ लढाईवर होता आणि जहाज लवकर पाठवा म्हणून त्याचा तगादा चालू होता. नको म्हणायला कोणी धजले नाही. झडपे उघडी ठेवून निघाले, वाऱ्याचा झोत आला, जहाज कलले आणि खालच्या झडपांतून पाणी आत आले. सांगाड्यात सुतारांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या: दोन स्वीडिश फुटाच्या, दोन ॲमस्टरडॅमच्या. ॲमस्टरडॅमच्या फुटात इंच अकराच असत. दोन्ही बाजूंची मापे जुळत नाहीत, त्याचे एक कारण हे असावे.

प्रश्न : ‘मॉनिटर’ आणि ‘व्हर्जिनिया’ ९ मार्च १८६२ रोजी तासन्‌तास लढल्या, तरी कुणीच बुडाले नाही. असे कसे?

दोघींनी चुकीचा दारूगोळा वापरला म्हणून. अमेरिकी यादवीत दक्षिणेची ‘व्हर्जिनिया’ लाकडी जहाजे जाळायला निघाली होती. तिच्याकडे फुटणारे पोकळ गोळे होते, चिलखत फोडणारे भरीव नव्हते. उत्तरेच्या ‘मॉनिटर’कडे ११ इंची दोन डालग्रेन तोफा होत्या, पण नळी फुटेल या भीतीने वरिष्ठांनी दारू १५ पौंडांवर बांधून दिली होती. पुढे चाचण्यांत ३० पौंडही त्या तोफांनी सहज सोसले. ती दारू त्या दिवशी असती तर ‘व्हर्जिनिया’चे चार इंची पत्रे टिकले नसते, असे आम्हाला वाटते.

‘मॉनिटर’चा टरेट हे त्या काळचे नवल. एक इंची पत्र्यांचे आठ थर, आतला व्यास २० फूट, वाफेच्या यंत्राने फिरणारा. पण फिरायला लागला की नेमका थांबवता येत नसे. झडपांवरची लोखंडी झाकणे एवढी जड की प्रत्येक बाराला उचलणे जिवावर येई. मग खलाशांनी झाकणे उघडीच ठेवली, टरेट फिरता ठेवला आणि शत्रू समोर आला की फिरता फिरताच बार काढला. भरायला तोंड पुन्हा पलीकडे. दर सात-आठ मिनिटांना एक बार. त्याच वर्षअखेर ही नौका हॅटरास भूशिराजवळ वादळात बुडाली. उंची नसल्याने तोफेचा नेम चुकवणारे जहाज लाटेला चुकवू शकत नाही.

प्रश्न : ‘यामातो’ आणि अमेरिकेची ‘आयोवा’ समोरासमोर आल्या असत्या तर?

हा प्रश्न किमान निम्म्या पत्रांत होता. आकडे असे: ‘यामातो’च्या नऊ तोफा ४६ सेंटिमीटरच्या, चिलखतभेदी गोळा १,४६० किलोचा, पल्ला ४२ किलोमीटर, वेग २७ नॉट. ‘आयोवा’च्याही नऊच, पण १६ इंची, गोळा १,२२५ किलोचा, पल्ला ३८ किलोमीटरच्या आसपास, वेग ३३ नॉट. चिलखत ‘यामातो’चेच जाड.

लख्ख दिवस आणि मध्यम अंतर असेल तर आम्ही ‘यामातो’वर पैज लावू. रात्र, धूर किंवा पाऊस असेल तर ‘आयोवा’वर. कारण रडार. फिलिपिन्समधल्या सुरिगाओ सामुद्रधुनीत २५ ऑक्टोबर १९४४ च्या पहाटे अमेरिकेच्या ‘वेस्ट व्हर्जिनिया’ने सुमारे २१ किलोमीटरवरून, मिट्ट काळोखात, जपानच्या ‘यामाशिरो’वर पहिल्याच फेरीत गोळे बसवले. शिवाय सहा नॉटची आघाडी असलेले जहाज लढायचे की नाही हे स्वतः ठरवते. ‘यामातो’ला ते जमले नसते. तिच्या मोठ्या तोफांचा एक त्रास खुद्द तिच्याच माणसांना होता: बार व्हायच्या आधी घंटी वाजे आणि उघड्यावरच्या विमानविरोधी तोफांवरची माणसे आडोशाला पळत. नाहीतर हवेच्या धक्क्याने जीवच जायचा. आणि ७ एप्रिल १९४५ रोजी ती संपवली ती विमानांनी. तिच्या २५ मिलिमीटरच्या तोफांच्या एका कप्प्यात १५ च फैरी मावत. कप्पे बदलता बदलताच हल्ला डोक्यावरून निघून जाई.

प्रश्न : १६ इंची तोफ नेमकी भरतात कशी?

नळी पाच अंशांवर आणतात. तोफेचे मागचे दार उघडताच दाबाखालची हवा नळीतून जाते आणि जळके वायू बाहेर ढकलते. नळी साफ दिसल्याशिवाय पुढचे काम सुरू होत नाही. गोळा खालून लिफ्टने येतो, पाळण्यावर आडवा होतो आणि यांत्रिक गज त्याला जोरात आत दाबतो. गोळ्याभोवतीची तांब्याची पट्टी नळीच्या आट्यांत रुतली पाहिजे, नाहीतर नळी उचलताच गोळा मागे घसरेल. त्यामागे दारूच्या रेशमी पिशव्या: प्रत्येकी सुमारे ५० किलोच्या सहा, तीन-तीनच्या दोन खेपांत. मागच्या टोकाला काळ्या दारूची लाल कापडाची गादी असते. ठिणगी आधी तिला लागते. गोळा जोरात, दारू मात्र अगदी सावकाश, हा नियम. दार बंद, नळी वर, बार. सराव असेल तर मिनिटाला दोन.

दारू ढकलताना वेग चुकला तर काय होते, ते १९ एप्रिल १९८९ रोजी ‘आयोवा’च्या दुसऱ्या टरेटमध्ये दिसले. मधल्या तोफेत दार उघडे असतानाच दारू पेटली आणि ४७ जण गेले. आरमाराने आधी मृतांपैकीच एका खलाशावर ठपका ठेवला. पुढे सँडिया प्रयोगशाळेच्या तपासात गज सुमारे दोन फूट जास्त पुढे गेल्याचे दिसले. तशा दाबाखाली दारूच्या कांड्या मोडून पेट घेऊ शकतात, हे चाचण्यांत सिद्ध झाले. १९९१ मध्ये आरमाराने त्या खलाशाच्या कुटुंबाची माफी मागितली.

प्रश्न : जटलंडला ब्रिटिश नौकाच का फुटल्या?

३१ मे १९१६ रोजी ‘इंडिफॅटिगेबल’, ‘क्वीन मेरी’ आणि ‘इन्व्हिन्सिबल’ या तीन नौका एकाच दिवसात स्फोटाने गेल्या. चिलखत पातळ होते हे खरे, पण खरा घात सवयीने केला. भराभर डागायच्या नादात कोठारांची दारे उघडी ठेवली जात आणि कॉर्डाइटच्या, म्हणजे तोफेच्या दारूच्या पिशव्या वाटेत रचल्या जात. टरेटवर गोळा फुटला की ज्वाळा त्या रचलेल्या पिशव्यांवरून थेट कोठारात. जर्मनांची मुख्य दारू पितळी नळकांड्यात असे, ती जळे पण एकदम फुटत नसे. शिवाय जानेवारी १९१५ मध्ये डॉगर बँकच्या लढाईत जर्मन ‘झायडलिट्झ’चे मागचे दोन्ही टरेट आतून जळाले होते. जर्मन त्यातून शहाणे झाले. जटलंडला ब्रिटिश ‘लायन’ही त्याच वाटेने गेली असती. टरेटमधला मेजर फ्रान्सिस हार्वे जबर जखमी होता, त्याने कोठारात पाणी सोडायचा हुकूम दिला म्हणून ती वाचली.

प्रश्न : जपानचे टॉर्पेडो एवढे सरस आणि अमेरिकेचे एवढे टुकार कसे?

जपानचा टाइप ९३ हा ६१ सेंटिमीटर जाडीचा, नऊ मीटर लांब, पावणेतीन टनांचा. स्फोटक ४९० किलो. जोरात सोडला तर वीस किलोमीटर, सावकाश सोडला तर चाळीस. त्याच काळातला अमेरिकी मार्क १५ पूर्ण वेगात साडेपाच किलोमीटरच जाई. फरक प्राणवायूचा. साध्या हवेत पाचांतले चार हिस्से नायट्रोजन. तो जळत नाही, उलट बुडबुड्यांची रेघ मागे सोडून ठावठिकाणा सांगतो. शुद्ध प्राणवायूत दोन्ही प्रश्न सुटतात, पण नळीत तेलाचा अंश जरी राहिला तरी स्फोट. म्हणून सुरुवात साध्या हवेवर करायची आणि इंजिन चालू झाल्यावर हळूहळू प्राणवायू सोडायचा. नोव्हेंबर १९४२ मध्ये तासाफारोंगाला या टॉर्पेडोंनी चार अमेरिकी क्रूझर फोडल्या, त्यांतली ‘नॉर्थम्प्टन’ बुडाली. पण डेकवर उघड्या ठेवलेल्या याच शस्त्राने घरभेद्याचेही काम केले: मिडवेला ‘मिकुमा’ आणि समारला ‘सुझुया’ स्वतःच्याच टॉर्पेडोंच्या स्फोटांनी खिळखिळ्या झाल्या.

अमेरिकेच्या पाणबुड्यांच्या मार्क १४ मध्ये दोष तीन होते आणि एकाखाली दुसरा दडला होता. पहिला: तो ठरवलेल्या खोलीपेक्षा सुमारे तीन मीटर खालून जाई. चाचण्या हलक्या डोक्याच्या नमुन्यांवर घेतल्या होत्या, आणि खोली मोजणारी झडप अशा जागी होती जिथे पाण्याच्या वेगाने दाब कमी भासे. जून १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर मासेमारीचे जाळे पाण्यात सोडून त्यावर टॉर्पेडो मारले, तेव्हा भोके कुठे पडतात ते दिसले. खोली सुधारताच दुसरा दोष वर आला: चुंबकी स्फोटयंत्र जहाज गाठण्याआधीच उडू लागले. तेही बंद केल्यावर तिसरा. टॉर्पेडो काटकोनात बसला की धक्क्याने स्फोटाची सुई वाकून अडके. तिरका बसला तर नीट फुटे. म्हणजे कप्तानाचा नेम जितका अचूक तितका टॉर्पेडो फुसका. जुलै १९४३ मध्ये ‘टिनोसा’ या पाणबुडीने एका थांबलेल्या जपानी तेलवाहू जहाजावर टॉर्पेडोमागून टॉर्पेडो मारले, ते नुसते आपटत राहिले. कप्तानाने शेवटचा राखून तपासायला परत आणला. हवाईत उंचावरून पोलादी पत्र्यावर टॉर्पेडोची डोकी टाकून पाहिली आणि हलक्या धातूची सुई बसवली, तेव्हा कुठे प्रश्न मिटला. युद्ध सुरू होऊन तोवर पावणेदोन वर्षे झाली होती.

प्रश्न : मराठ्यांच्या गुराबांची मोठ्या जहाजांपुढे काय मात्रा चाले?

गुराब दीडशे ते तीनशे टनांची, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, नाळ, म्हणजे पुढचे टोक, लांब आणि पाण्यावर पुढे झुकलेली. नाळेच्या मागे नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा थेट पुढे रोखलेल्या. गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला की गलबते गुराबांना ओढत नेत. डाव असा की मोठ्या जहाजाच्या बाजूला जायचेच नाही, कारण तोफा तिथे आहेत. मागून यायचे, डोलकाठ्या आणि दोरखंड तोडायचे आणि जहाज लुळे झाले की चहूबाजूंनी माणसे चढवायची. बाजूला बाजू लावून तोफा झाडायच्या म्हटले तर मात्र गुराब टिकत नसे, आणि पावसाळ्यात ती बंदराबाहेर काढतच नसत.

प्रश्न : यांतल्या कोणत्या नौका आज पाहता येतात?

‘व्हिक्टरी’ पोर्ट्समथला, ‘वासा’ स्टॉकहोमला, ‘आयोवा’ लॉस एंजेलिसच्या बंदरात. ‘मॉनिटर’चा टरेट २००२ मध्ये वर काढला, तो न्यूपोर्ट न्यूजच्या संग्रहालयात आहे. ‘वॉरस्पाइट’ नाही: १९४७ मध्ये मोडीत नेताना ती कॉर्नवॉलच्या खडकांवर चढली आणि तिथेच तिचे तुकडे केले. ‘वासा’ बघताना कोरीवकामावरून नजर खाली आणा आणि तोफांच्या खालच्या रांगेतली झडपे पाण्याच्या रेषेपासून किती वर आहेत ते पाहा. जेमतेम सव्वा-दीड मीटर.